पालकांसाठी दोन ओळी

“डाव्या बाजूने हाक मारली ना, की ती बघत नाही हो,” पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या. “उजवीकडून मारली की लगेच मान वळते. एकदा कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.”

माझ्या एका कडेवर मुलगी होती, दुसऱ्या खांद्यावर तिची पिशवी आणि करंगळीत गाडीची किल्ली. मागे पालकांची रांग लागलेली. “हो हो, बघते,” मी म्हणाले. “पण घरी टीव्ही लावला की धावत येते हं ती.”

“टीव्ही काय, सगळीकडूनच ऐकू येतो,” ताई म्हणाल्या.

मी हसले आणि जिना उतरले.

मला ओळखणाऱ्या कोणाला हे खरं वाटणार नाही. मुलगी शांत झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघणारी बाई मी. पर्समध्ये थर्मामीटर घेऊन हिंडते. “हिला काळजीला काही सापडलं नाही की हिला त्याचीच काळजी लागते,” असं माझा नवरा माझ्यासमोर माझ्या आईला सांगतो आणि दोघं हसतात. पण माझ्या काळज्या मी शोधलेल्या असतात. दुसऱ्याने दाखवलेली काळजी मला टोचते, आणि टोचलं की मी कारणं काढते. ताई काय डॉक्टर आहेत? गर्दीच्या वेळी कोणाला काहीही वाटतं. शिवाय चिमणी माझी लेक, मला कळलं नसतं का?

ताई साठीच्या आसपासच्या. बारीक चण, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, अंगावर दोन खिशांचा ॲप्रन. एका खिशात नाकं पुसायचे रुमाल, दुसऱ्यात मुलांनी दिवसभरात दिलेल्या भेटी: बटण, वाळकं पान, तुटलेल्या गाडीचं चाक. संध्याकाळी ज्याचं त्याला आठवणीने परत द्यायच्या. पाळणाघर सुरू झालं तेव्हापासून तान्ह्यांची खोली त्यांच्याकडे होती. पाळणाघराच्या मालकीणबाई, ज्यांना आम्ही सगळे मॅडम म्हणत असू, त्याही त्यांना ताईच म्हणायच्या.

पुढे थोड्याच दिवसांत दारावर पाटी लागली: ‘कृपया दारात बोलत थांबू नये. मुलांविषयी सर्व माहिती ॲपवर मिळेल.’ संध्याकाळी आमच्या गाड्यांनी गल्ली अडायची आणि शेजारचे कटकट करायचे, म्हणून. मला तर बरंच वाटलं. कारण ते ॲप आमचं होतं. म्हणजे आमच्या कंपनीचं. पाळणाघरातल्या टॅबवर जे भरलं जातं ते आधी आमच्या सर्व्हरकडे येतं आणि तिथून पालकांच्या मोबाइलवर जातं. ही निरोपांची ये-जा सांभाळणं, ज्याला आम्ही एपीआय म्हणतो, हे माझ्या टीमचं काम. चिमणीला मी याच पाळणाघरात घातलं त्याचं अर्धं कारण तेच होतं. आपल्या हाताखालून जाणाऱ्या रस्त्यावर आपली मुलगी दिसत राहील, असं वाटलं होतं.

आणि दिसायची. ‘दूध: प्यायली. जेवण: पूर्ण. झोप: झाली.’ हिरव्या खुणा वेळच्या वेळी यायच्या. त्याखाली एक मोकळी चौकट होती, ‘पालकांसाठी दोन ओळी’ नावाची. ती मात्र रिकामी. मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली मोबाइल धरून ती चौकट बघायचे. रडली का? कोणाशी खेळली? मला हाक मारली का? काही नाही. जेवण: पूर्ण.

हळूहळू ताईंविषयी माझं मत बनत गेलं. दारात आता त्या फक्त मूल हातात द्यायच्या, पिशवी द्यायच्या, आणि क्षणभर चेहऱ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी काहीतरी बोलावं असं त्यांना वाटतंय, असं मला वाटायचं. पण काय बोलणार? मी “थँक यू ताई” म्हणायचे. त्या “बरं” म्हणायच्या.

पालकसभेत हे सगळ्यांच्या तोंडून बाहेर आलं.

“बाई चांगल्या आहेत, पण कोरड्या आहेत हो,” एक बाबा म्हणाले.

“माझ्या भावाच्या पोराच्या पाळणाघरातून रोज एवढाले मेसेज येतात. आज हे केलं, आज ते म्हणाला. आणि आपल्याकडे? शी: झाली!” शेजारची आई म्हणाली. सगळे हसले. मीही.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मलाही कळतंय ते. ताईंना मी दोनदा सांगितलं, पालकांना लिहीत जा. हो म्हणतात. आता एक शिकलेली मुलगी मिळतेय, ती पुढच्या महिन्यापासून येईल. ताईंचं वयही झालंय. कोणाची हरकत?”

कोणाचीच नव्हती. बंद दारापलीकडून ताईंचं गुणगुणणं ऐकू येत होतं. शब्द नसलेलं, एकाच सुरात वरखाली होणारं. आमची पोरं त्यावर झोपायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग नव्हती. ताईंनी चिमणीला माझ्याकडे दिलं आणि पाटीकडे एकदा बघून हळूच विचारलं, “मग डॉक्टर काय म्हणाले?”

“कोणते डॉक्टर?”

“कानाचे.”

“नाही… म्हणजे, जायचंय अजून.”

त्यांचा चेहरा उतरला. रागावल्या नव्हत्या. खूप वेळ वाट बघून बस यावी आणि ती न थांबता पुढे जावी, तसं काहीतरी झालं. “मी इतक्यांदा लिहिलं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला राग येत असेल म्हणून मध्ये चार दिवस नाही लिहिलं. मग परत लिहिलं.”

“कुठे लिहिलंत ताई?”

“तुमच्या त्या चौकटीत. आणखी कुठे?”

मी तिथल्या तिथे मोबाइल काढून दाखवला. बोटाने वर सरकवत गेले, आठवडे मागे, महिने मागे. दूध, जेवण, झोप. चौकट रिकामी. ताईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, वाकून पाहिलं, आणि आत जाऊन टॅब घेऊन आल्या. जुना, कडेला तडा गेलेला टॅब. “हे बघा, मी लिहिते, हे दाबते, आणि खाली येतं ‘मिळालं’. रोज येतं. मग मिळत नाही का?”

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. “मी बघते ताई,” मी म्हणाले. हे शब्द मी त्यांना आधीही दिले होते, हे जिना उतरताना आठवलं.

ऑफिसात माझ्या शेजारी जे ज्येष्ठ सहकारी बसतात त्यांना आम्ही मास्तर म्हणतो, कारण साधी वेळ विचारली तरी ते घड्याळ कसं चालतं इथून सुरू करतात. सकाळी गेल्या गेल्या त्यांच्यापुढे सगळं मांडलं.

“लॉग बघितलास?”

बघितला होता. सर्व्हरकडे आलेल्या प्रत्येक निरोपाची नोंद होते, तो लॉग. कुठून आला, कधी आला, काय उत्तर दिलं. ताईंच्या टॅबवरून रोज निरोप येत होते, आणि प्रत्येकापुढे सर्व्हरचं उत्तर एकच: ठीक, मिळालं. एकही चूक नाही. बघत राहावा असा स्वच्छ लॉग.

“म्हणजे बाई लिहीत नसतील,” मास्तर म्हणाले.

“लिहितात.”

“कशावरून?”

“तोंडावरून.”

“ते लॉगमध्ये येत नाही,” ते म्हणाले, पण खुर्ची माझ्याकडे वळवली.

“बॉडी, म्हणजे आतला मजकूरच, लॉग करूया,” मी म्हणाले. “आलेल्या निरोपाचा पण आणि आपल्या उत्तराचा पण. आत काय लिहिलंय ते दिसल्याशिवाय कळणार नाही.”

मास्तरांनी कप खाली ठेवला. “हे बघ. लखोट्यावरचा पत्ता टिपून घेणं वेगळं आणि लखोटा फोडणं वेगळं. त्या मजकुरात काय काय असतं माहितीये? कोणाच्या पोराला कसलं औषध चालू आहे, कोणाच्या घरी भांडण आहे, कोणाच्या बापाच्या हातात मूल द्यायचं नाही. आज तू तुझ्या पोरीसाठी फोडशील, उद्या कोणीतरी नुसतीच गंमत म्हणून फोडेल. एकदा साठलं की साठलं.”

“मग ताईंना काढून टाकू दे. महिना संपत आलाय.”

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग अटी सांगितल्या. मॅडमची लेखी परवानगी आणायची. फक्त त्या एका पाळणाघराचे निरोप, फक्त एक दिवस. मुलांच्या नावांच्या जागी फुल्या. बघायचं ते दोघांनी एकत्र बसून, आणि काम झालं की पुसायचं. मी सगळ्याला हो म्हटलं. ते म्हणाले असते उभं राहून बघायचं, तर तेही केलं असतं.

मॅडमची परवानगी तासाभरात आली. फोनवर म्हणाल्या, “बघा बाई. पण बाहेर जाऊ देऊ नका हं.”

दुपारी, मुलं झोपायच्या वेळेला, पहिला निरोप पडला. मग एकामागून एक. मास्तर मोठ्याने वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला त्यांचा आवाज खाली आला.

‘××× ने आज सफरचंद स्वतःच्या हाताने खाल्लं. निम्मं मला भरवलं.’

‘××× ला झोपताना आईचा रुमाल द्या. नवीन नको, धुतलेला नको.’

‘××× धरून उभं राहतंय. रविवारी घरी लक्ष ठेवा. मोबाइल जवळ ठेवा.’

‘××× ला डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं मला अजूनही वाटतं. तेच तेच लिहिते म्हणून रागावू नका. मी डॉक्टर नाही. पण एकदा दाखवा.’

फुल्यांच्या मागे कोण आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

प्रत्येक निरोपाखाली आमच्या सर्व्हरने दिलेलं उत्तर होतं. त्याने काय जपून ठेवलं तेही त्यात होतं. दूध, जेवण, झोप. ताईंच्या ओळी कुठेच नव्हत्या. आणि शेवटी: मिळालं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. मागे कधीतरी आम्ही सर्व्हरची रचना बदलली होती. आधी ती चौकट दिवसाच्या नोंदीत होती, नंतर प्रत्येक मुलाच्या नोंदीत हलवली. नव्या ॲपला ते माहीत होतं. ताईंचा टॅब इतका जुना, की नवं ॲप त्याच्यावर चढलंच नाही. तो बिचारा जुन्याच जागी मजकूर ठेवत राहिला. आणि सर्व्हर, जे ओळखीचं नाही ते न बोलता टाकून देत राहिला.

“त्याने ओरडायला हवं होतं,” मी म्हणाले.

“गप्प बसायला आपणच शिकवलं त्याला,” मास्तर म्हणाले. “उगाच कटकट नको म्हणून.”

“आधीचं काही मिळेल?”

“जे ठेवलंच नाही ते कुठून आणू?” त्यांनी चष्मा पुसला. तेवढ्यातल्या तेवढ्यात दोनदा.

ते स्वतः दुरुस्तीला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्ती चालू झाली, आणि ठरल्याप्रमाणे त्यांनी माझ्यासमोर तो एका दिवसाचा लॉग पुसायला घेतला. “मास्तर, तेवढी एक ओळ…” मी म्हणाले.

“पाठ झाली असेल ना?”

“झाली.”

“मग झालं तर.” आणि पुसला.

त्याच सकाळी आम्ही चिमणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. डाव्या कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. औषधाने उतरेल, नाहीतर पुढचं बघू, पण वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाल्या. वेळेवर. माझ्या नवऱ्याने माझा हात दाबला. हसला नाही.

दुपारी सुट्टी टाकून मी पाळणाघरात गेले. टॅब तपासायचा होता, हे एक निमित्त. बाकीची मुलं झोपली होती. खिडकीशी एक गुबगुबीत बाळ कपाटाला धरून उभं होतं आणि ताई खाली बसून हात पसरून त्याच्याकडे बघत होत्या. बाळाने कपाट सोडलं. एक पाऊल, थांबलं, दुसरं, आणि तिसरं म्हणजे नुसतं पडणंच, ताईंच्या मांडीवर. माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं.

ताईंनी ओठांवर बोट ठेवलं. “हे लिहायचं नाही हं.”

“का?”

“त्याची आई रविवारी बघेल ना. पहिलं पाऊल तिचं.” त्यांनी बाळाच्या पायाचे तळवे चोळले. “मी नुसतं लक्ष ठेवा म्हणून कळवते.”

मी त्यांच्यासमोर खाली बसले. बसल्या बसल्याच सगळं सांगितलं. टॅब जुना, चौकट हलवलेली, सर्व्हरने टाकून दिलेलं. “तुमचं लिहिलेलं कोणालाच मिळत नव्हतं ताई.”

“कोणालाच?”

“कोणालाच.”

त्या भडकतील असं मला वाटलं होतं. निदान रडतील. त्या हळूहळू हसायला लागल्या, आवाज न करता, बाळ दचकू नये म्हणून. “म्हणजे वाचून गप्प बसत नव्हतात तुम्ही,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, माझं लिहिणं कोणाला आवडत नाही. रोज ते ‘मिळालं’ यायचं. मी म्हणायचे, मिळालंय ना, मग बोलतील कधीतरी. दारात तोंडाकडे बघायचे मी तुमच्या.”

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी उभ्यानेच सगळं ऐकलं आणि मग त्याही मुलांच्या बुटक्या खुर्चीवर टेकल्या. “ताई, मला एकदा तरी सांगायचंत.”

“तुम्ही म्हणालात लिहीत जा. मी म्हटलं, लिहिते. लिहीतच होते.”

“तुम्ही राहा,” मॅडम म्हणाल्या. “मी त्या मुलीला कळवते.”

माझा जीव भांड्यात पडला. खाली ठोकळ्यांचा मनोरा होता, तो ताईंनी सरळ केला. तो सरळच होता.

“काय कळवणार? तिने तिकडची नोकरी सोडली. परवा येऊन खोली बघून गेली ती. आल्या आल्या काय बघितलं माहितीये? खिडकीची कडी मुलांच्या हाताला येते का, ते. चांगली आहे पोरगी. तिला आता परत पाठवायचं?”

“दोघी राहा,” मी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. ते परवडणारं नव्हतं, आणि ते ताईंनाही माहीत होतं.

“माझी बहीण कधीची बोलावतेय,” ताई म्हणाल्या. “तिच्या गुडघ्यांना माझी गरज आहे.”

“आणि मुलं?”

“चार दिवस रडतील. मग तिला ताई म्हणतील.” त्यांनी मनोऱ्यावरचा ठोकळा उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. “म्हणायलाच पाहिजे ना.”

ताईंच्या शेवटच्या संध्याकाळी गल्ली पार अडली. त्या मधल्या दिवसांत ताईंनी न मिळालेलं सगळं आठवून पुन्हा लिहिलं होतं; सगळ्यांच्या मोबाइलवर चौकटी भरून येत होत्या आणि लोक त्या रस्त्यात उभे राहून वाचत होते. सभेत कोरड्या म्हणणारे बाबा दारात आले आणि नुसतेच “ताई, निम्मं सफरचंद…” म्हणाले. सभेत माझ्या शेजारी बसलेल्या आईने एक चुरगळलेला रुमाल पुढे केला. “धुतलेला नाहीये हं.” ताईंनी तो नव्या मुलीच्या हातात दिला आणि कोणासाठी, कधी, कसा द्यायचा ते सांगितलं. ती मुलगी मान डोलावत ऐकत होती. मॅडम बाहेर आल्या, त्यांनी पाटीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, आणि आत गेल्या.

मी मुद्दाम शेवटी थांबले. ताईंनी ॲप्रनचा खिसा उपडा केला आणि त्यातलं गाडीचं चाक चिमणीच्या मुठीत ठेवलं. मग तिच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच “चिमणे” म्हणाल्या. चिमणी लगेच वळली नाही. जरा वेळाने वळली. पण वळली.

“उतरतंय,” ताई म्हणाल्या.

मला एक विचारायचं होतं. “ताई, चिमणीने पहिलं पाऊल घरीच टाकलं होतं. रविवारीच. मी व्हिडिओ दाखवला होता तुम्हाला.”

“हो की. किती गोड चालली होती.”

“त्याच्या आधी नव्हती ना चालली? इथे?”

ताई खाली वाकल्या आणि चिमणीच्या बुटाचा पट्टा बघायला लागल्या. पट्टा लावलेलाच होता. तो काढून त्यांनी पुन्हा लावला. “तुमच्याकडेच चालली ती आधी,” त्या म्हणाल्या, माझ्याकडे न बघता.

आता अधूनमधून रविवारी आम्ही त्यांच्या बहिणीकडे जातो. चिमणी दोन्ही बाजूंनी हाक ऐकते आणि दोन्ही बाजूंनी दुर्लक्ष करते. ताईंना त्याचा फार आनंद आहे.

तुमचं मूल, किंवा तुमची म्हातारी आई, दिवसभर कोणाच्या तरी हाती असेल. उद्या संध्याकाळी दारात त्या सांभाळणाऱ्यांना एवढंच विचारा, की तुम्ही मला काही सांगत होतात का, आणि मला ते मिळालं नाही का? मग त्यांची तब्येत विचारा. आणि त्यांचं बोलून होईपर्यंत गाडीची किल्ली हातात घेऊ नका.